घाट झाडून नदी स्वच्छ होते का? (सांगली, कृष्णाकाठ)

घाटकरी

मंडळी, धागा थोडा रडगाण्याचा आहे, आधीच सांगून ठेवतो.

गेली अडीच वर्षं आम्ही काही जण दर रविवारी सकाळी सहा ते आठ सांगलीचा घाट झाडतो. संस्था नाही, नोंदणी नाही, एकसारखे टीशर्टसुद्धा नाहीत. पहिल्या महिन्यात चाळीसेक माणसं यायची. पोरं फोटो काढायची, मग पायऱ्यांवर बसून भडंग आणि चहा. आता मे संपत आलाय आणि गेल्या रविवारी आम्ही सहा जण होतो. त्यातले दोघं नवराबायको, म्हणजे घरं पाचच.

माणसं का गळाली ते कळतं. ज्या पायरीवरून परवा घमेलं भरलं, त्याच पायरीवरून आज परत भरायचं. एक जण जाताना म्हणाला, "तुम्ही घाट झाडताय, नदी नव्हं." राग आला. पण रात्री पडल्या पडल्या तेच डोक्यात घोळत राहिलं.

काय निघतं तेही सांगतो. आम्हाला वाटलं होतं, प्लॅस्टिकच असणार. ते असतंच. पण जड निघतो तो कपडा. गेलेल्या माणसाची गाठोडी. साड्या, धोतरं, स्वेटर, गोधड्या. एकदा अख्खी कापसाची गादी. पाणी प्यायलेली गादी चौघांना हलत नाही. शेवटी विळ्यानं जागेवर फाडली आणि कापूस घमेल्या-घमेल्यानं वर आणला. त्याखालोखाल देवांच्या तसबिरी, फुटक्या काचेसकट. कुणाचा हात त्या कचऱ्यात टाकायला धजत नाही, म्हणून नदीत. फुलं तिसऱ्या नंबरावर. खरं तर ती सगळ्यात सोपी, पण येतात पिशवीला घट्ट गाठ मारून.

तर माणसं कशी टिकवायची, या गाठोड्यांचं काय करायचं, आणि मुळात ह्याला काही अर्थ आहे का, हे विचारायचंय.

पेठेत_स्थायिक

मूळचा सांगलीचा, आता पुण्यात. सरळ कॅमेरे लावा आणि दंड करा. दोन जणांना पावती फाटली की बाकीचे आपोआप सुधारतात.

घाटकरी

होता एक कॅमेरा. २०२१ च्या पाण्यानं नेला.

मधली_आळी

वाईहून लिहितोय. आमच्याकडे कृष्णेवर सात घाट: भीमकुंड, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह. बाहेरच्यांना ढोल्या गणपतीचा तेवढा माहीत असतो. पण गावात प्रत्येक घाट ही त्या त्या आळीची वस्तू आहे. कृष्णाबाईचा उत्सव येतो तोही आळीआळीनं. आमचा उत्सव संपला की पुढच्या आळीचा. त्यामुळे उत्सवाच्या आधी आपला घाट घाण दिसला तर नाक आपलं कापलं जातं, "नगराचं" नाही.

तुमच्या चाळीस माणसांत घाटाशेजारी राहणारी किती होती? माझा अंदाज, फार थोडी. लांबून येणारा उत्साहानं येतो आणि उत्साहानंच जातो. ज्याच्या खिडकीतून घाट दिसतो त्याला धरा. आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. धोम धरणाच्या खाली उन्हाळ्यात पात्रात काय असतं ते बघायला या एकदा. पण झाडायला माणूस मिळत नाही, ही तक्रार आमच्या आळीत नाही.

घाटकरी

बरोबर पकडलंत. चाळीसात गावभागातले, म्हणजे घाटालगतच्या जुन्या वस्तीतले, तीन. बाकी सगळे विश्रामबागेकडचे, गाडीवरून येणारे.

अण्णागुरुजी

मी पौरोहित्य करतो, त्यामुळे गाठोड्यांच्या पापात माझाही वाटा असेल. म्हणून उत्तर द्यायला बसलो.

गादी, उशी, गोधडी नदीत टाका असं आम्ही कुठल्याही विधीत सांगत नाही. अस्थी आणि रक्षा, एवढाच नदीशी संबंध. कपडे द्यायचे असतात ते दान म्हणून, जिवंत माणसाला. पण घरात त्या दिवसांत कुणी धड शुद्धीवर नसतं. एखादी आत्या म्हणते "त्यांचं काही घरात ठेवू नका," आणि रिक्षात घालून सगळं घाटावर येतं. तिथे कोण कुणाला अडवणार? रडणाऱ्या माणसाला "इथे टाकू नका" म्हणायला जीभ रेटत नाही.

मी गेल्या वर्षापासून एकच केलंय. सामानाची यादी लिहून देतो ना, काळे तीळ, दर्भ, पत्रावळी, त्याच यादीत शेवटी लिहितो: "वस्त्रे धुऊन गरजूस द्यावीत, नदीत सोडू नयेत." भटजींच्या यादीत आहे म्हटल्यावर कुणी वाद घालत नाही. तुमच्या फलकापेक्षा ती ओळ जास्त चालते, हे गर्वानं नाही, अनुभवानं सांगतो.

आणि तसबिरी. काच आणि चौकट काढायची, राहिलेला कागद घरच्या बादलीत पाण्यात विरघळवून झाडाच्या बुंध्याशी ओतायचा. माझ्याकडे आणून दिल्या तर मी करतो. त्याला दक्षिणा नाही.

हरिपूरचा_हळदकरी

गुरुजी, रक्षेचं आमच्याकडं कवाच बदललंय. माझ्या वडलांची रक्षा आम्ही मळ्यात खड्डा काढून घातली आन वर आंबा लावला. सांगली, सातारा, कोल्हापूर, तिन्ही जिल्ह्यांत आता लई घरं आसं करत्यात. पयल्यांदा भावकी कुरकुरली, आता त्याच आंब्याच्या सावलीला बसत्यात.

पर धाग्यात सगळे कचऱ्यावरच बोलायलेत. काठाचं काय? आमच्या संगमाजवळ, वारणा मिळती तिथनं वर चालत जावा. वीटभट्टीसाठी पोयटा उचलून उचलून काठ उभा कापल्यासारखा झालाय. वर ऊस पार कडंपातूर. मधी वाळुंज, करंज, उंबर हुतं ते गेलं. मुळ्या न्हाईत मग पूर आला की काठ ढासळतो, आन ती माती जाती पात्रात. मग आपुनच म्हणायचं, गाळ साठला, पात्र उथळ झालं.

आमची हळदीची पेवं ह्याच काठाच्या मातीत काढलेली. आत हवा न्हाई, कीड न्हाई, वर्सानुवर्सं हळद तशीच ऱ्हायची. २००५ च्या पुरात पेवात पाणी शिरलं. तवापास्नं पेवाचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप हुत्यात.

पेठेत_स्थायिक

पण पूर तर खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे येतो ना? काठाच्या झाडांनी काय फरक पडणार?

हरिपूरचा_हळदकरी

ह्यो इषय काढू नगा, धागा बुडंल.

आयर्विनखालचा

धागा बुडण्याआधी माझं घ्या. मी होडीवाला. शर्यतीत वल्हं मारतो, बाकीच्या दिवशी पोहतो. कृष्णेवरचा आमचा आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्यावरचे फुटाचे आकडे आमच्या घरात देवाच्या नावासारखे पाठ असतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २००५ ला ५३ च्या वर, २०१९ ला ५७ च्या वर. पण हे आकडे ऑगस्टचे. मे महिन्याचा आकडा कुणाला पाठ आहे का? नाही. आणि नदीची खरी तब्येत मे महिन्यात कळते.

आत्ता पुलाखालचं पाणी वाहत नाही, साचून आहे. वरून कोयनेतून सोडलं तर हलतं, नाहीतर नाही. कोयना धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं. त्यातलं ६७.५ कृष्णा पाणीवाटप लवादानं वीज करून पश्चिमेला, कोकणात सोडायला दिलेलं. उरलेल्यात शेती, टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजना, आणि गावांचं पिण्याचं. दुष्काळी तालुक्यांना पाणी मिळालंच पाहिजे, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण मग नदीच्या वाट्याला काय? आमच्या सांगलीत पात्र कोरडं पडलं की आंदोलन होतं, पाणी सुटतं, आठ दिवसांनी परत तेच.

आणि ह्या साचलेल्या पाण्यात शेरी नाल्यासारखे नाले येऊन मिळतात. त्याचं पाणी उचलून धुळगावला न्यायचं, तिथे शुद्ध करून शेतीला द्यायचं, ही योजना ऐकत माझे केस पिकले. पंप चालू असतो तेव्हा फरक दिसतो, नाकालाही कळतो. तेव्हा घाटकरी, जो म्हणाला "नदी नव्हं, घाट झाडताय," तो चुकीचं बोलला नाही. पण तो स्वतः काय करतो तेही विचारा.

जाता जाता: झाडायला जाता तेव्हा सांगलीवाडीच्या बाजूला लव्हाळ्यात पाय घालू नका. मगरीची पिल्लं मे-जूनमध्येच बाहेर पडतात आणि आई जवळपास असते. तिचीपण नदी आहे, तिला समजावता येत नाही.

कऱ्हाडची_सून

माहेर सांगली, सासर कऱ्हाड. दोन्हीकडचं बघितलंय म्हणून लिहिते. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या गावांत कऱ्हाड देशात पहिलं आलं. आम्ही पेढे वाटले. त्यामागे कष्ट होते हे खरं. माझ्या सासूबाई ओला-सुका वेगळा केला नाही तर आजही मला बोलतात, आणि घंटागाडीवाला मिसळलेला कचरा घेतच नाही.

पण नंबर आला गावाचा. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून पुढे जातात. ते पाणी आमच्या घंटागाडीकडे बघून येत नाही. आमच्याकडे संध्याकाळी यशवंतरावांच्या समाधीजवळ बाग भरलेली असते, मुलं भेळ खातात, कागद जमिनीवर नसतो. पाण्यात काय आहे ते बघायला पायऱ्या उतरून कुणी जात नाही. स्वच्छ गावाला नदी स्वच्छच वाटते, ही एक नवीनच अडचण.

तरी घरातला कचरा वेगळा झाला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, असंही मला वाटतं. दोन्ही खरं आहे, काय करणार.

निवृत्त_रसायन

तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. सगळे "पाणी खराब आहे" म्हणताहेत. किती खराब? मोजल्याशिवाय बोलणं म्हणजे ताप न बघता औषध.

अंघोळीच्या योग्यतेच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि बीओडी ३ च्या वर नसावी, असा निकष आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंनी फस्त केलेला प्राणवायू. बीओडी मोजायला प्रयोगशाळा आणि पाच दिवस लागतात, तो आपला प्रांत नाही. पण प्राणवायू आहे की संपला, हे घाटावर उभ्या उभ्या कळतं.

काचेची बुचाची बाटली घ्यायची, पाण्याखालीच भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. त्यात मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कलाइन आयोडाइड. बूच लावून उलटीपालटी करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. नेमका आकडा काढायला पुढे टायट्रेशन करावं लागतं, पण तपकिरी की पांढरा हे सहावीतलं पोरही सांगेल. अल्कलाइन आयोडाइड हाताला भाजतं, तेव्हा हातमोजे घालून आणि मी समोर असतानाच.

वेळ पहाटेची. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं आणि पाणी आहे त्यापेक्षा बरं दिसतं. उजाडायच्या आत त्याचं सोंग उतरतं.

आणि दिवस पहिल्या मोठ्या पावसानंतरचा. उन्हाळाभर नाल्यांत साचलेलं काळं पाणी पहिला पाऊस एका झटक्यात नदीत ढकलतो, प्राणवायू बसतो आणि मासे वर येतात. दरवर्षी लोक म्हणतात कुणीतरी विष टाकलं. कधी खरंच वेगळं कारण असेलही, पण गुदमरायला विष लागत नाही.

घाटकरी

सर, बाटल्या तुमच्या, पहाट आमची. पहिला वळीव पडला की जाऊ.

गावभागातली

मी घाटापासून चौथ्या घरात राहते, म्हणजे मधली आळीवाले म्हणतात ती खिडकी माझी. आणि मी आजवर एकदाही झाडायला आलेली नाही, कबूल.

कारण सांगू? तुम्ही येता, आम्हाला उठवता, "आपली नदी" वगैरे भाषण होतं, आठ वाजता निघून जाता. पूर आला की घाटावर आणि आमच्या अंगणात जो वीतभर गाळ बसतो तो काढायला आम्ही असतो. गाळाची रीत इथल्या बायकांना विचारा: पाणी उतरत असतानाच, त्याच पाण्यात खराट्यानं मागे लोटत जायचं. एक दिवस उशीर झाला की तो वाळतो, मग पहारीनं फोडावा लागतो. २०१९ ला पाणी उतरलं तेव्हा आम्ही घरात परतलोच चार दिवसांनी. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, सगळीकडे तेच. तेव्हा मदतीला खूप लोक आले, त्यांचे उपकार आहेत. पण ते चिवड्याची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या ज्या टाकून गेले, त्या पुढचे दोन महिने आम्हीच वेचत होतो.

तेव्हा रविवारी सहाला येईन. भाषण नको.

घाटकरी

भाषण मीच करायचो. बंद.

पेठेत_स्थायिक

गणपतीत तरी काय करणार आहात? प्लॅस्टरच्या मूर्ती तर येणारच.

गावभागातली

प्लॅस्टरची मूर्ती नदीत विरघळत नाही, पाणी ओसरलं की हात-पाय तुटलेली काठाला लागते. आमच्या पोरांनी तीन वर्षांपूर्वी तसा एक गणपती बघितला आणि तेव्हापासून घरी शाडूचा, तोही टबमध्ये. ज्यांच्याकडे प्लॅस्टरचा असेल त्यांना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची (एनसीएल) रीत आहे: अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ठेवायची, दोन-तीन दिवसांत मूर्ती विरते, वरचं पाणी खत म्हणून झाडांना पातळ करून घालता येतं. बेकरीवाले वापरतात तोच पदार्थ. वास मात्र असा येतो की शेजारी विचारायला येतात.

आणि सांगलीकरांना मूर्ती पाण्यात सोडली नाही तर पाप लागतं असं कुणी सांगू नये. आपल्या संस्थानचा चोर गणपती कागदाच्या लगद्याचा, चतुर्थीच्या आधीच गुपचूप येऊन बसतो, आणि त्याचं विसर्जन होत नाही. जपून ठेवतात. इतकी वर्षं देव रागावला नाही.

अण्णागुरुजी

अगदी. फक्त हे वाचून कुणी लगद्याची मूर्ती आणून नदीत सोडू नका. कागद कुजतानाही पाण्यातला प्राणवायूच खातो, सर सांगतील. जपायची असेल तरच लगद्याची.

आयर्विनखालचा

एक राहिलं. घाट सुशोभित करायच्या, काठाला भिंत घालून वर फिरायला रस्ता करायच्या चर्चा अधूनमधून निघतात. करणाऱ्यांनी आधी पूररेषा बघाव्यात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. २००५, २०१९, २०२१. हिशोब तुम्हीच करा. नदीनं रेषा वाचलेल्या नाहीत.

हरिपूरचा_हळदकरी

भिंतीपरास वाळुंज लावा. फांदी खोचली तरी ओल्या काठाला रुजती. पूर आला की वाकती, गेला की उभी ऱ्हाती. रोपवाटिकेत जायला नगं, माझ्याकडं दोन झाडं ऱ्हायल्यात, फांद्या न्या. पर पाऊस धरल्यावर, आत्ता न्हाई.

घाटकरी

काल संध्याकाळी वळीव झाला. ज्यांनी वाचलं असेल त्यांच्यासाठी आज पहाटेचं लिहितो.

पावणेपाचला आम्ही अकरा जण. गावभागातली बाई आणि तिच्या दोन शेजारणी, गुरुजी सोवळं सोडून हाफ पँटमध्ये (ओळखलंच नाही), होडीवाला, सर आणि त्यांची लाकडी पेटी. पहिली बाटली होडीनं वर जाऊन, गावाच्या अलीकडून भरून आणली. सरांनी थेंब घातले, उलटी केली. टॉर्चच्या उजेडात साका तपकिरी झाला. चहाच्या रंगापेक्षा थोडा फिका. सर म्हणाले, फार नाही, पण जिवंत आहे.

दुसरी नाल्याच्या तोंडाशी. तिथे पाण्यावर फेस होता आणि वास असा की दोघं मागे सरकले. बाटली सरांनी स्वतः भरली. थेंब घातले, उलटी केली, ठेवली. आम्ही वाट बघत राहिलो. साका खाली बसला, पांढरा. सरांनी परत हलवली. परत पांढराच.

उजाडल्यावर तिथून थोडं खाली मासे पृष्ठभागावर तोंड काढून होते. एक कोळी जाळं न टाकता नुसता बघत बसला होता. म्हणाला, हे धरले तर दहा मिनिटांत भरतील, पण कुणाच्या ताटात घालू?

दोन्ही बाटल्यांचा शेजारी शेजारी ठेवून फोटो काढलाय. तारीख, वेळ, जागा वहीत लिहिली, अकरा जणांच्या सह्या घेतल्या. आता दर पंधरा दिवसांनी ह्याच दोन जागा, ह्याच वेळी. नाल्याबद्दलचा अर्ज त्या वहीच्या झेरॉक्ससकट जाईल. आमचा आधीचा अर्ज "मोघम आहे" म्हणून परत आला होता. आता मोघम नाही.

घाट नंतर झाडलाच. गाठोडी दोन निघाली. गुरुजींनी एक उघडून बघितलं, साड्या चांगल्या होत्या, धुवायला शेजारणींनी नेल्या.

कुणाकडे द्राक्षांचे जुने प्लॅस्टिकचे कॅरेट पडून असतील तर हवेत, चार-पाच. फुलं वेगळी ठेवायला. गावभागातून कुणीही घेऊन जाईल, निरोप टाका.

हरिपूरचा_हळदकरी

कॅरेट धा हायेत माझ्याकडं. दोनाला बूड न्हाई.